अडीच तासांचा हंगाम

गेल्या सप्टेंबरमध्ये आमच्या शाळेचा फुटबॉल संघ शालेय स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत पेनल्टी शूटआउटवर हरला. सामना संपला तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते; दोन वाजता मुले जेवणघरात होती आणि चार वाजता स्टोअरच्या खिडकीसमोर रांग लागली होती. सैनिकी शाळेत प्रत्येक वस्तूची नोंद चोख असते. स्टोअरकीपरने रजिस्टर उघडले. जर्सी अठरा, शॉर्ट अठरा, गोलरक्षकाचे हातमोजे दोन जोड, चेंडू सहा, असे सारे मोजून घेतले आणि शेवटच्या रकान्यात ‘जमा’ लिहून तारीख टाकली. गोलरक्षक मुलगा रांगेत सर्वांत मागे उभा होता. अकरावीतला, सुरगाण्याकडचा, एरवी फारसे न बोलणारा. हातमोजे खिडकीत ठेवताना त्याने मला विचारले, “सर, आता पुढची मॅच कधी?” मी म्हणालो, “पुढच्या वर्षी.” हे उत्तर त्याच्यापुरते खोटे आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते, कारण पुढच्या वर्षी तो सतरा वर्षांखालील गटात बसणार नव्हता आणि बारावीच्या मुलांना आमच्याकडे संघात पाठवत नाहीत.

मी तोफखान्यात नोकरी केलेला माणूस आहे. निवृत्तीनंतर नाशिकरोडला स्थायिक झालो आणि गेली काही वर्षे एका निवासी सैनिकी शाळेच्या फुटबॉल संघाला शिकवतो. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण ही एका शाळेबद्दलची तक्रार नाही. जिल्ह्यातल्या बहुतेक शाळांच्या संघांचे वर्ष असेच जाते. त्या संध्याकाळी मी वहीत हिशेब मांडला. जून ते सप्टेंबर आम्ही आठवड्यातून पाच दिवस, रोज दीड तास सराव केला होता; पावसाने बुडालेले दिवस वजा केले तरी शंभर तासांच्या वर सराव झाला होता. सामने मात्र तीनच झाले. जुलैमध्ये सुब्रोतो चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या जिल्हा फेरीत पहिलाच सामना हरलो, शालेय स्पर्धेत एक जिंकलो आणि एक हरलो. पंचवीस मिनिटांचे दोन भाग धरले तर प्रत्येक सामना पन्नास मिनिटांचा, म्हणजे सगळा मिळून अडीच तासांचा खेळ. यालाच आम्ही ‘फुटबॉलचा हंगाम’ म्हणतो आणि शाळेच्या माहितीपुस्तिकेत ‘खेळातून नेतृत्वगुणांचा विकास’ असे वाक्य छापतो.

माझे म्हणणे असे आहे की खेळातून नेतृत्व, संयम आणि संघभावना घडते हा सैनिकी शिक्षणाचा दावा खरा आहे, परंतु तो खरा ठरण्यासाठी मुलांना हंगाम मिळाला पाहिजे. आज त्यांना मिळतात त्या केवळ एक-दोन स्पर्धा. शनिवारी हरलेल्या संघाला पुढच्या शनिवारी पुन्हा मैदानात उतरावे लागते, तेव्हा त्या मधल्या सहा दिवसांत जे घडते त्याला मी हंगाम म्हणतो. त्या सहा दिवसांची सोय आपल्या शालेय फुटबॉलमध्ये कुठेही नाही.

याचे कारण कोणाच्या आळसात शोधण्यापेक्षा स्पर्धेच्या रचनेत शोधले पाहिजे. शालेय स्पर्धा तालुका किंवा महानगरपालिका, मग जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात, आणि आमच्या पायरीवर त्या बाद पद्धतीने खेळवल्या जातात. बाद पद्धतीत सोळा संघ उतरले तर एकूण पंधरा सामने होतात. आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात, चार संघांना दोन सामने मिळतात आणि चार सामने खेळण्याचे भाग्य केवळ शेवटच्या दोन संघांना लाभते. म्हणजे जो संघ सर्वांत कच्चा, ज्याला सामन्यांची सर्वाधिक गरज, त्याच्या वाट्याला सर्वांत कमी खेळ येतो. वरच्या पायरीवर पाठवायला एक संघ निवडायचा आहे, हाताशी मैदान एक आणि दिवस तीन-चार आहेत, अशा वेळी आयोजक दुसरे काय करणार, हेही मला समजते. निवडीसाठी ही पद्धत पुरेशी आहे. आपली चूक एवढीच की निवडीसाठी आखलेल्या या व्यवस्थेवर आपण शिक्षणाचेही ओझे टाकले आणि मुलांच्या खेळासाठी वेगळे काही उभारायचे राहून गेले.

२०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, त्याआधी १५ सप्टेंबरला महाराष्ट्र शासनाने ‘मिशन वन मिलियन’ राबवले. दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा अशी ती कल्पना होती आणि त्यासाठी शाळाशाळांना चेंडू वाटले गेले. त्या दिवशी नाशिकच्या मैदानांवर मीही होतो. अनवाणी मुले नव्या चेंडूमागे धावताना पाहून मन भरून आले होते. पण दुसऱ्या दिवशी त्या चेंडूने कोणाविरुद्ध खेळायचे, हे कोणी ठरवलेले नव्हते. चेंडू शाळेला मिळाला, प्रतिस्पर्धी मिळाला नाही. आणि प्रतिस्पर्ध्याविना फुटबॉल म्हणजे नुसता व्यायाम.

वैयक्तिक खेळांना ही अडचण इतकी भेडसावत नाही. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत डोंगरवाटांवर धावत मोठी झाली आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळवले. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खोदण्याची कामे करून फौजेत भरती झाला. लष्करात जाईपर्यंत त्याने वल्हे हातात धरले नव्हते, आणि २०१६ मध्ये तो रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी नौकानयनात उतरला. या दोघांच्या कष्टांना तोड नाही. मात्र धावपटूला घड्याळाशी आणि नौकानयनपटूला पाण्याशी रोज झुंजता येते. फुटबॉलच्या अकरा मुलांना समोर दुसरी अकरा मुले लागतात, तीही दर आठवड्याला आणि शक्यतो वेगवेगळी. निवासी शाळेत तर ही उणीव अधिकच जाणवते, कारण आमची मुले संध्याकाळी क्लबच्या मैदानावर जाऊ शकत नाहीत. वर्षभर ती आपापसांत, हाऊस विरुद्ध हाऊस खेळतात आणि दोन महिन्यांत एकमेकांच्या सगळ्या खोड्या त्यांना पाठ होतात.

फौजेचा फुटबॉलशी असलेला संबंध जुना आणि गाढ आहे. ड्युरँड चषक १८८८ मध्ये सिमल्यात सुरू झाला तोच लष्करी संघांसाठी. स्वातंत्र्यानंतर मद्रास रेजिमेंटल सेंटरने १९५५ आणि १९५८ मध्ये, तर गोरखा ब्रिगेडने १९६६ आणि १९६९ मध्ये तो जिंकला. मद्रास सेंटरच्या संघातला पीटर थंगराज आघाडीचा खेळाडू म्हणून आला होता. तिथे तो गोलरक्षक झाला आणि पुढे देशासाठी दोन ऑलिम्पिक स्पर्धांत खेळला. आघाडीचा मुलगा मुळात गोलरक्षक आहे हे कळायला त्याला अनेक सामने खेळताना कोणीतरी पाहावे लागते. वर्षाला तीन सामने खेळणाऱ्या संघात प्रत्येक जण जिथे पहिल्या दिवशी उभा राहिला तिथेच शेवटपर्यंत उभा राहतो. संतोष करंडक या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेतही सेनादलाचा संघ २०२३-२४ पर्यंत सात वेळा विजेता ठरला. पहिले विजेतेपद १९६०-६१ चे आणि सातवे २०२३-२४ चे. त्या सातव्या वेळी अरुणाचल प्रदेशातील अंतिम टप्प्यात आधी सहा-सहा संघांच्या गटात साखळी सामने आणि मग बाद फेऱ्या होत्या, म्हणजे गोव्याला १-० असे हरवून करंडक उचलेपर्यंत संघाला त्या एका टप्प्यात अंतिम सामना धरून आठ सामने खेळावे लागले होते.

यावर कोणी म्हणेल की ड्युरँड चषक कित्येक वर्षे बाद पद्धतीनेच खेळवला गेला, तरी त्यातून मोठे खेळाडू घडलेच ना? घडले, पण त्या संघांमागे पलटणीचे वर्षभराचे फुटबॉल होते हे विसरता कामा नये. मी स्वतः बॅटरीच्या, म्हणजे तोफखान्यातल्या आमच्या तुकडीच्या, संघातून खेळलो आहे. संध्याकाळच्या खेळाची शिट्टी झाली की मैदानावर यावेच लागे, आणि बॅटरी-बॅटरीतले सामने साखळी पद्धतीने चालत. पहिल्या सामन्यात ज्या उजव्या बगलेच्या खेळाडूने मला तीनदा चकवले होते, त्याच्याशी महिनाभराने पुन्हा गाठ पडे. मधल्या काळात मी त्याचा डावा पाय कच्चा आहे हे हेरून ठेवलेले असे, आणि त्यानेही माझ्याबद्दल काहीतरी हेरून ठेवलेले असे. माझ्या मते फुटबॉलमधले बहुतेक शिक्षण या दुसऱ्या भेटीत होते.

परदेशातले एक उदाहरण देतो. अमेरिकेत हडसन नदीकाठी वेस्ट पॉइंट ही १८०२ पासूनची लष्करी अकादमी आहे. तिथले फुटबॉल आपल्यापेक्षा वेगळे, अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळण्याचे. पण मी बोलतो आहे ते हंगामाबद्दल. २०२४ मध्ये त्यांचा संघ चौदा सामने खेळला, त्यांपैकी बारा जिंकला. २३ नोव्हेंबरला नोत्र दाम विद्यापीठाने त्यांना ४९-१४ असे अक्षरशः लोळवले. आठवड्याने ३० नोव्हेंबरला ते पुन्हा उतरले आणि जिंकले. ६ डिसेंबरला टुलेन विद्यापीठाला ३५-१४ असे हरवून त्यांनी आपल्या गटाचे विजेतेपद मिळवले. मग १४ डिसेंबरला त्यांना सर्वांत जिव्हारी लागणारा पराभव पत्करावा लागला, तो नौदल अकादमीकडून, ३१-१३ असा. या दोन अकादमी १८९० पासून एकमेकींशी खेळत आल्या आहेत. सामना संपल्यावर दोन्ही संघ आधी हरलेल्यांच्या विद्यार्थ्यांसमोर उभे राहून त्यांचे अकादमीगीत गातात आणि नंतर जिंकलेल्यांचे. तो पराभव पचवून याच मुलांनी २८ डिसेंबरला वर्षातला शेवटचा सामना जिंकला. ही मुले पदवीचा पूर्ण अभ्यास करतात, पहाटे कवायतीला उभी राहतात आणि पुढे किमान पाच वर्षे सैन्यात सेवा करतात. आमचा संघ त्यांच्या जागी असता तर पहिल्या पराभवाच्या संध्याकाळीच जर्सी जमा झाल्या असत्या.

अर्थात अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. कोल्हापुरात के.एस.ए.च्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) वरिष्ठ लीगमध्ये तालमींचे आणि मंडळांचे सोळा संघ शाहू स्टेडियमवर खेळतात, आणि पाटाकडील किंवा दिलबहार तालीम हरली म्हणजे पेठेतला माणूस पुढचा सामना कोणाशी आहे ते विचारतो. त्या शहरातून अनिकेत जाधवसारखा मुलगा २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळला, याचे श्रेय त्याला घडवणाऱ्या पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीइतकेच कोल्हापुरातल्या त्या सवयीलाही आहे. नाशिकला अशी फुटबॉलची पेठ नसेल, पण कोल्हापुरात नाही असे पुष्कळ काही नाशिककडे आहे. देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय आहे, नाशिकरोड कॅम्पात आर्टिलरी सेंटर आहे, गांधीनगरला सैन्याच्या वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये स्थापन केलेले भोसला मिलिटरी स्कूल इथेच आहे, आणि लष्करी सेवेची पूर्वतयारी करू इच्छिणाऱ्या मुलींसाठीची शासनाची संस्थाही २०२३ पासून इथेच आहे. इतकी लष्करी परंपरा असलेल्या शहरात शाळांचा एक साप्ताहिक फुटबॉल हंगाम उभा राहू नये, याचे मला मनापासून दुःख होते.

पालक आणि शिक्षक जो आक्षेप सर्वांत आधी घेतात त्याचा विचार नीट केला पाहिजे, कारण तो प्रेमापोटी येतो. एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) परीक्षा तोंडावर आहे, गणित कच्चे आहे, मग मुलाने दर शनिवारी सामने खेळत बसायचे का? या पालकांना मी एनडीएच्या गुणांची विभागणी पाहायला सांगतो. गणित ३००, सामान्य क्षमता चाचणी ६००, म्हणजे लेखी परीक्षा ९०० गुणांची. आणि त्यानंतरच्या एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडण्यासाठीच्या चाचण्या आणि मुलाखतीलाही, पूर्ण ९०० गुण आहेत. एसएसबीचे पाच दिवस मुलगा अनोळखी मुलांच्या गटात असतो. फळी, दोर आणि ओंडका देऊन गटाला अडथळा ओलांडायला सांगतात आणि कोण कसा वागतो ते पाहतात. आपली युक्ती फसली की तो गप्प बसतो का, दुसऱ्याची युक्ती बरी असेल तर तिला खांदा देतो का, वेळ संपत आली की आवाज चढवतो का. लेखी परीक्षा पास होऊन तिथून परत आलेली मुले मी पाहिली आहेत. पुष्कळांचे इंग्रजी चांगले होते, शरीर कसलेले होते, पण चारचौघांत चूक झाल्यावर पुढच्या मिनिटाला काय करायचे याचा अनुभवच त्यांच्या गाठीला नव्हता. तो अनुभव व्याख्यानातून देता येत नाही. ०-२ ने मागे असताना मध्यंतरात कर्णधार दहा जणांशी काय बोलतो, ते त्याने एकदा नव्हे, पंधरा वेळा बोललेले असले पाहिजे.

मग करायचे काय? आठ संघांच्या साखळीत अठ्ठावीस सामने होतात आणि प्रत्येक संघाला सात मिळतात. दोन मैदानांवर प्रत्येकी दोन सामने घेतले तर सात शनिवारांत साखळी पूर्ण होते. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून जानेवारीअखेरपर्यंत सात शनिवार सहज निघतात. आपल्या स्पर्धा येतात त्या मुसळधार पावसात, जेव्हा गोलपुढची जागा चिखलाची खाच झालेली असते; आणि निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत, जेव्हा नाशिकची हवा आणि जमीन फुटबॉलसाठी सर्वांत चांगली असते, तेव्हा मैदाने रिकामी पडलेली असतात. खर्च म्हणाल तर फक्की, पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि पंचांचे मानधन. नाशिकरोड-देवळाली परिसरात फौजेत पंचगिरी केलेले निवृत्त लोक आहेत. माझ्याच ओळखीचे तिघे शनिवारी शिट्टी घेऊन उभे राहायला आनंदाने तयार आहेत.

मैदाने सैनिकी शाळांनी द्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. शहरातल्या महानगरपालिकेच्या कितीतरी शाळांना धड अंगणही नाही, आणि आमच्यासारख्या निवासी संस्थांची आखीव मैदाने शनिवार-रविवारी मोकळी असतात. सुरक्षिततेचे कारण सांगून फाटक बंद ठेवणे सोपे आहे. पण ज्या मुलांना उद्या देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या जवानांचे नेतृत्व करायचे आहे, त्यांनी सातपूरच्या कामगाराच्या मुलाशी आणि पेठ तालुक्याच्या आश्रमशाळेतल्या मुलाशी आपल्या अंगणात खेळणे हा त्यांच्या प्रशिक्षणाचाच भाग आहे. सकस आहार आणि रोजची कवायत मिळणारा संघ दुबळ्या संघावर सात-आठ गोल चढवील, अशी भीती काही जण व्यक्त करतात. पहिल्या वर्षी तसे होईलही. दुसऱ्या वर्षापासून दोन गट करावेत, वरच्या गटातला शेवटचा खाली आणि खालच्या गटातला पहिला वर, असा साधा नियम ठेवावा. आश्रमशाळेची मुले वाऱ्यासारखी पळतात. सामने मिळाले तर ती फार काळ खालच्या गटात राहणार नाहीत, असा माझा विश्वास आहे.

गेल्या हिवाळ्यात चार शाळांनी मिळून हे करून पाहिले. दोन सैनिकी शाळा, एक महानगरपालिकेची आणि एक पेठ रस्त्यावरची आश्रमशाळा; प्रत्येकाशी दोनदा गाठ, म्हणजे बारा सामने, प्रत्येकाला सहा. माझ्या विनंतीवरून स्टोअरच्या रजिस्टरात ‘जमा’पुढे पुन्हा ‘दिले’ अशी नोंद झाली आणि अठरा जर्सी बाहेर आल्या. पहिल्याच शनिवारी आम्ही आश्रमशाळेकडून ४-१ असे हरलो. चारपैकी तीन गोल एकाच प्रकारचे होते: उजव्या बगलेवरून उंच चेंडू आला, आमचा गोलरक्षक गोलरेषेवरच खिळून राहिला आणि समोरच्या मुलाने डोक्याने चेंडू आत ढकलला. सोमवारी तो स्वतःहून म्हणाला, “सर, मला कॉर्नर मारून द्या.” त्या आठवड्यात मी त्याला रोज चाळीस उंच चेंडू मारून दिले. दुसऱ्या शनिवारी तो पुढे आला आणि त्याचा अंदाज चुकला, आणखी एक गोल झाला. तिसऱ्या शनिवारी सहा जणांच्या गर्दीतून वर उडी घेऊन त्याने दोन्ही मुठींनी चेंडू पार मध्यरेषेकडे लोटला, आणि बचावफळीतला एक मुलगा धावत जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारून आला. आश्रमशाळेशी दुसरी गाठ पडली तेव्हा सामना १-१ असा सुटला. त्या मुलांनी उजवीकडून उंच चेंडू टाकणे सोडून जमिनीलगतचे पास सुरू केले होते, कारण त्यांनीही त्याला हेरले होते.

येत्या नोव्हेंबरसाठी सहा शाळांनी होकार दिला आहे, दोन हव्या आहेत. मुलींचा स्वतंत्र गट सुरू करायला निदान चार संघ लागतील, तूर्त दोन आहेत. सर्वांत मोठी अडचण आश्रमशाळेच्या प्रवासाची आहे. गेल्या वेळी एका शनिवारी त्यांना वाहन मिळाले नाही, मुले बूट घालून फाटकापाशी दुपारपर्यंत बसून राहिली आणि तो सामना आम्हाला प्रजासत्ताक दिनी संचलनानंतर खेळवावा लागला. आमच्या शाळेची बस शनिवारी आवारात उभीच असते. तिला सकाळी पेठ रस्त्याने पाठवून मुलांना आणावे आणि सामन्यानंतर जेवण देऊन परत सोडावे, असा अर्ज मी जूनमध्ये दिला आहे. डिझेलचा अंदाजे खर्च आणि सात शनिवारांच्या तारखा त्याला जोडल्या आहेत.